डाव्या हाताची नखं

रेघ सरळ यायला हवी होती. अकरा वर्षं ती सरळच येत होती. इतकी सरळ, की तिच्याकडे बघत निवांत चहा प्यावा, मनात घरी न्यायच्या सामानाची उजळणी करावी आणि शेवटी कागदावर सही ठोकून मोकळं व्हावं. आज सकाळी सव्वादहाला ती पडद्याच्या मध्यावर आली, किंचित वर गेली, तितकीच खाली आली, आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून गेली. रस्त्यात ठेचकाळलेला माणूस कुणी बघितलं तर नाही ना म्हणून चटकन चाल सावरतो, तशी. बाईंनी कप खाली ठेवला. भीती नंतर वाटली. पहिल्यांदा त्यांना आला तो राग. कुणीतरी आपल्या वहीत आपल्याला न विचारता काहीतरी लिहून ठेवलं असावं, असा राग. कारण त्या काचेच्या नळीत होती ती नखं त्यांची स्वतःची होती.

या प्रयोगशाळेत नखं येतात. कारखान्यांतून, वेल्डिंगचे सांधे किरणांनी तपासणाऱ्या टोळ्यांकडून, कुठे कुणी चुकून नको तिथे हात घातला म्हणून. पाकिटावर उजवा, डावा असं लिहिलेलं असतं आणि आत चंद्रकोरींसारखे दहा-बारा तुकडे. किरणं लागली की नखाच्या प्रथिनातले बंध तुटतात आणि एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना मागे उरतो. नळी चुंबकाच्या दोन गालांमध्ये ठेवली, चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत नेला, की एका ठरावीक ठिकाणी हे सगळे एकटे राहिलेले एकदम ओ देतात आणि रेघेला उंचवटा येतो. उंचवटा मोठा तर मार मोठा. पण कोऱ्या नखालाही यंत्राची, नळीची, हवेची थोडी कुरकूर असतेच. म्हणून आधी किरणं न लागलेल्या माणसाची नखं मोजायची, त्याची रेघ शून्य धरायची आणि ती प्रत्येकाच्या रेघेतून वजा करायची. ते शून्य म्हणजे बाई. दर सहा महिन्यांनी आपली नखं कापायची, बरणीत टाकायची, मोजायची, आणि शून्यपत्राच्या शेवटच्या रकान्यात 'निरंक' लिहून सही करायची. त्यावरून कार्यालयात त्यांना निरंकबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याही हसत. हसायला काय जातं? अकरा वर्षांत हजारभर माणसांमधून त्यांना वजा केलेलं होतं आणि त्यांचं काहीच कमी झालेलं नव्हतं.

कापल्याची खूण असेल, तिने स्वतःला सांगितलं. नेलकटरने नख चिमटलं की त्या दाबानेसुद्धा बंध तुटतात आणि किरणांसारखाच उंचवटा दिसतो. नव्या पोरांना फसवणारी ही जुनी गंमत. त्यावर औषधही सोपं, पाणी. दहा मिनिटं भिजवलं की कापल्याची खूण विरून जाते. तिने भिजवली, वाळवली, मोजली. उंचवटा होता. पुन्हा भिजवली. होता. तिसऱ्यांदा भिजवताना ती वाटीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या त्या तुकड्यांकडे बघत बसली. आपल्याच अंगाचं काहीतरी आपल्याशी खोटं बोलत नाहीये हे मान्य करायला माणसाला एवढा वेळ का लागावा? आणि मग तिच्या लक्षात आलं ते इतकं साधं होतं की तिने कपाळावर हात मारून घेतला. बाहेरच्या प्रत्येक पाकिटाला दोन हात वेगळे नसतील तर ती परत पाठवत असे, वर चार शब्द सुनावत असे. आणि स्वतःची दहा बोटं अकरा वर्षं एकाच बरणीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिने उरलेली नखं मांसाला लागेपर्यंत कापली, उजवी एका वाटीत, डावी दुसऱ्या वाटीत. उजव्या हाताची रेघ मेजाच्या कडेसारखी सरळ आली. डाव्या हाताची आली तेव्हा तिने पडद्यावर बोट ठेवून पाहिलं. उंचवटा मघापेक्षा मोठा होता, आणि असणारच, कारण आता त्याला पातळ करायला उजवा हात सोबत नव्हता.

डावा हात काय करतो? हा प्रश्न तिने आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. ती रिकाम्या खोलीत उभी राहिली आणि दिवसभराची कामं हवेतच करून पाहू लागली. कुणी दारातून बघितलं असतं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणालं असतं. पाकीट फाडते, नळी भरते, दार लोटते. मग चेंबर. नखांना मोजूनमापून किरणं द्यायची ती शिशाची भलीमोठी पेटी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठला उंचवटा किती माराचा हे कळत नाही. नमुना खणात ठेवायचा, उजव्या हाताने किल्ली फिरवायची, खण खाली सरकू लागतो; आणि खण वाटेत अडू नये म्हणून त्याच्या तोंडाशी – तिचा डावा हात आपोआप पुढे झाला होता आणि हवेत तळवा टेकवून उभा होता. दिवसातून पन्नास वेळा. ती त्या हाताकडे बघत राहिली. एवढा इमानी हात. आणि अंगाला लागलेली किरणं मोजणारा बिल्ला कुठे? छातीवर. दर महिन्याला तो बिल्ला तपासून येत होता आणि छातीला काही झालेलं नाही असं इमानेइतबारे सांगत होता.

सात महिन्यांपूर्वी चेंबर जुन्या इमारतीतून या नव्या इमारतीत आणलं. घाई होती, फीत कापायला पाहुणे येणार होते. किरणं मोजायचं मीटर घेऊन दोन माणसं आली, भिंतींना, दाराला, पेटीच्या चारी बाजूंना मीटर दाखवून 'ठीक' लिहून गेली. पेटी बंद असताना ठीकच होती ती. बाईंनी कपाटातून मीटर काढलं, काठीला बांधलं, खणाच्या तोंडाशी धरलं आणि लांबून किल्ली फिरवली. खण खाली जाताना काटा एकदम उडाला आणि पडला. एक सेकंद, फार तर दीड. पुन्हा केलं, पुन्हा उडाला. हलवताना शिशाचं एखादं कडं नीट बसलं नसावं, बस, एवढंच. नखांनी मात्र ते सगळे सेकंद एकाखाली एक साठवून ठेवले होते.

डावखुरीला तिने साडेअकराला गाठलं. ही तिच्याबरोबर चेंबरवर काम करणारी संशोधक, वय तीसच्या आतबाहेर, प्रबंध संपत आलेला. पेन, चमचा, किल्ली सगळं डाव्या हातात. "जरा उजव्या हाताची नखं दे," बाई म्हणाल्या. "उजव्याची कशाला?" "दे तर." कुरकुरत तिने दिली. भिजवली, वाळवली, मोजली. दोघी पडद्यासमोर उभ्या होत्या आणि रेघ आली, वर गेली, खाली आली. मग डाव्याची मोजली, ती सरळ. डावखुरीने आपला उजवा तळवा उलटासुलटा करून पाहिला, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल. "म्हणजे मी डाव्यानं किल्ली फिरवते म्हणून..." ती बोलता बोलता थांबली. पुढचं वाक्य मात्र बाईंना अपेक्षित नव्हतं. "बाई, चार महिने थांबाल? माझे शेवटचे नमुने राहिलेत. चेंबर बंद झालं तर वर्ष जाईल माझं. मी हात लांब ठेवीन, काठीनं धरीन, काहीही करीन."

"आणि तुझ्यानंतर येणारा?"

"त्याला सांगू ना."

"कोण सांगणार? कागदावर निरंक असलं की तोंडानं कोण सांगतं?"

"तुम्हाला काही झालंय का? मला तरी काही होत नाहीये. तुम्हाला होतंय?"

नाही, काही होत नव्हतं. हेच तर होतं. हे वाक्य ती जन्मल्यापासून ऐकत आली होती, हिला काही होत नाही. थोरली दिसायला देखणी, धाकटा सतत आजारी, आणि मधली ही, जिला काही होत नाही. घरातला तापमापक फुटल्यावर आईने दुसरा आणलाच नाही. तिला गरज नव्हती. धाकटा मलूल दिसला की ती मधलीला हाक मारी, दोघांना पलंगावर शेजारी बसवी, एक तळवा त्याच्या कपाळावर, एक हिच्या, आणि डोळे मिटून क्षणभर तोलून पाही. आईचे ते मिटलेले डोळे तिला आठवत. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ आई तिला इतक्या लक्षपूर्वक हात लावत असे, आणि तोही दुसऱ्याचा ताप बघायला. पण तिला त्याचा अभिमान होता. थोरलीचं रूप होतं, धाकट्याची दुखणी होती, तिचं हे होतं: आपण म्हणजे बरोबर. ती सात वर्षांची असताना एका दुपारी शाळेतून आली तेव्हा तिची हाडं दुखत होती आणि पाणी कडू लागत होतं. आईने हाक मारली. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, डोळे जड. ती जाऊन बसली. आईचा तळवा कपाळावर पडला आणि तो इतका गार लागला की तिला कळलं, आपल्याला ताप आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन शब्द: मलाही आहे. पण मग आपण कोण? पलंगावर दोन आजारी मुलं, आणि एक हुकलेलं माप. ती गप्प बसली. आई डोळे मिटून म्हणाली, "दोघं सारखीच लागताहेत. काही नाही रे, ऊन लागलंय, झोप." तिचा ताप रात्रीत उतरला. धाकट्याचा तिसऱ्या दिवशी डॉक्टरने पाहिला, आणि तो बरा झाला तोवर त्याचा डावा कान कायमचा गेला होता. आई अजूनही आल्यागेल्याला कौतुकाने सांगते, हिला लहानपणापासून कधी काही झालं नाही हो.

आता कपाटात चाळीस पाकिटं थांबलेली होती. तिने शून्यपत्रावर सही केली की तिचा उंचवटा त्या चाळीसांमधून वजा होणार होता. ज्यांचा मोठा आहे त्यांचा थोडा खुजा दिसेल. पण ज्यांचा तिच्याएवढाच आहे त्यांची रेघ सपाट होईल आणि ते पुन्हा त्याच कामावर जातील. दोघं सारखीच लागताहेत. काही नाही, झोप. ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिने कधी नव्हे ते भर कामाच्या वेळेत धाकट्याला फोन लावला.

"थांब, उजव्या कानाला घेतो," तो म्हणाला. "हं, बोल. आई ठीक ना?"

"ठीक आहे. तुला एक सांगायचंय. तुझा कान गेला त्या वेळी मलाही ताप होता. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

पलीकडून एक हॉर्न ऐकू आला. मग तो हसला, पण नीट नाही. "चाळीस-पन्नास वर्षांनी सांगतेयस? आणि ते पण मी गाडी चालवताना?"

"बाजूला घे मग."

"घेतली. अगं सात वर्षांची होतीस तू."

"सात वर्षांच्या मुलीला ताप कळतो."

"कळतो," तो म्हणाला. त्याने नाही म्हटलं असतं तर तिला ते आवडलं नसतं. "मग आता काय करू, माफ करू? केलं. पण मला जरा राग येऊ दे. संध्याकाळपर्यंत. मग फोन करतो." आणि त्याने फोन ठेवला. ती जिन्यातच उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. छातीवरचं जुनं ओझं उतरल्यावर माणूस ताठ होतो, तशी ती ताठ झाली, आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. हसरे, सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी करणारे, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. त्यांनी तिचे तिन्ही आलेख, एकत्र, उजवा आणि डावा, समोर घेतले, चष्मा वर केला, खाली केला.

"कापल्याची खूण असेल."

"तीनदा भिजवली."

"मग घरचं काही? दाताचा एक्स-रे वगैरे?"

"डाव्या हाताला दात नाहीत मला, साहेब."

ते मनापासून हसले. मग तिने मीटरचं सांगितलं, तेव्हा हसू जरा आखडलं. "एका सेकंदाचं काय घेऊन बसलात? काटा उडतोच."

"दिवसाला पन्नास सेकंद. सात महिने. आणि तिथे बोटं आहेत."

"हे पाहा बाई," ते पुढे वाकले, आवाज घरचा झाला, "अकरा वर्षं तुम्ही सुखानं शून्य होतात. तीन वर्षं राहिली निवृत्तीला. आता एकदम आकडा व्हायचा हट्ट कशाला? चेंबर बंद करून घ्यायचं, चौकशी बसवून घ्यायची. त्या चाळीस माणसांचे अहवाल अडतील, त्यांचं काय?"

हे मात्र त्यांनी नेमकं बोलून दाखवलं होतं, आणि तिने त्यावर जिन्यात विचार करून ठेवला होता. "अडणार नाहीत. किती उंचवटा म्हणजे किती मार याची जुनी ताडपट्टी आहे, चेंबर हलवायच्या आधीची. मोजायला चुंबक लागतो, चेंबर लागत नाही. फक्त नवं शून्य लागेल."

"झालं तर मग!" साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी आपला हात मेजावर पसरला. गोरा, गुबगुबीत, नखं छान गोल कापलेली. "माझी घ्या. मी तर चेंबरच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"मग प्रश्न मिटला. कडं मी गुपचूप बसवून घेतो, कारागीर ओळखीचा आहे. रविवारी येईल, कुणाला कळणारही नाही. तुमच्या हातालाही त्रास नाही, त्या मुलीचा प्रबंधही मार्गी."

"आणि माझी नखं?"

"तुमची कशाला आता? टाकून द्या. नखंच तर आहेत."

ते खरोखर तिच्या भल्यासाठीच बोलत होते, आणि म्हणूनच तिला आतून असा काही संताप आला की तिने दोन्ही हात मागे बांधले. भांडण मिटावं म्हणून, पाहुणे यावेत म्हणून, भावाचा ताप कळावा म्हणून, सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी जिथल्या तिथे राहाव्यात म्हणून ती आजवर कुठून कुठून वजा झाली होती, त्याची यादी करायला एक दुपार पुरली नसती. यांना तिच्या जागी दुसरं शून्य सापडायला एक मिनिट लागलं होतं. ठीक आहे. सापडलं ना? मग ती मोकळी होती.

"तुमची घेते," ती म्हणाली. "भिजवून, दोन्ही हात वेगळे. पण माझी टाकत नाही. माझी मी नमुना म्हणून नोंदवते."

"बाई, नोंदवलं की ते मागे घेता येत नाही."

"म्हणूनच."

"मी परवानगी दिलेली नाही."

"नमुना द्यायला परवानगी लागत नाही. दारावर पाटी आहे, कुणीही देऊ शकतो. तुम्हीच लावलीय ती." आणि ती निघाली. दारात वळून म्हणाली, "चेंबरची किल्ली माझ्याकडे आहे. ती कारागिराला मिळणार नाही. चौकशीला येतील त्यांना देईन."  

वाटेत डावखुरी भेटली. तिने फक्त बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "माझी पण देणार?" तिने विचारलं. आवाजात राग होता, आणि त्याखाली भीती. "नाही," बाई म्हणाल्या. "तुझी नखं तुझी. वाटीत ठेवलीत, झाकून. तू काय करायचं ते कर. मी गप्प बसले तर ते आपल्या दोघींच्या वतीनं बसणं होईल, आणि तो अधिकार मला नाही. मी बोलतेय ती फक्त माझ्या हाताबद्दल." डावखुरी भिंतीकडे सरकली आणि तिला वाट दिली.

नमुने घ्यायची खिडकी तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिथे बसणाऱ्या काकांनी तिला आतून यायची खूण केली, पण ती बाहेरच्या बाजूने, रांगेत उभी राहिली. पुढे दोन माणसं होती, हातात पाकिटं. तिचा नंबर आला तेव्हा काकांनी आधी हसून पाहिलं, मग तिच्या हातातलं पाकीट पाहिलं.

"कुणाचा नमुना?"

"माझा."

"आणला कुणी?"

"मीच."

"तुमचं काय बाई, गंमत करता." त्यांनी तरी अर्ज पुढे सरकवला. तिने नाव लिहिलं. वय लिहिलं. काम लिहिलं. 'संशयित जागा' या रकान्यात तिने या इमारतीचं आणि मजल्याचं नाव लिहिलं, खोलीचा क्रमांक लिहिला. काकांनी ते उलटं वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, "असं लिहिता येतं का?"

"रकान्यात बसतंय ना? मग येतं."

"साहेब मला धरतील."

"अर्जदाराने लिहिलंय म्हणा. सही माझी आहे." त्यांनी रांगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्चीत जरा सरळ होऊन त्यांनी नोंदवही उघडली. इथल्याच कर्मचाऱ्याचा नमुना असेल तर तो इथे मोजायचा नाही, दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत संशयित जागा बंद, असा नियम वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवलेला होता. आजवर तो कुणी वापरला नव्हता. कागद पिवळा पडला होता. काकांनी तो बोट फिरवत मोठ्याने वाचला. रांगेतल्या माणसांनीही ऐकला.

म्हणजे आता हे पाकीट कुठेतरी दूर जाणार. तिथे आधी कुणा अनोळखी माणसाची नखं चुंबकात ठेवतील, त्याची रेघ सरळ येईल, आणि मग तिच्यातून त्याला वजा करतील. बाकी उरेल ते सगळं तिचं असेल. थोडं असेल की बरंच, पुढे त्याचं काय होईल, हात हातच राहील ना, हे तिला माहीत नव्हतं, आणि भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण तो आकडा तिला हवा होता. तिच्या नावापुढे, शाईने, कुणालाही खोडता येणार नाही असा. काकांनी पाकीट चिकटवलं आणि त्यावर शिक्का मारला. शाई नीट उठली नाही, म्हणून तिने त्यांना तो पुन्हा मारायला लावला.